जंगली लेट्यूसच्या स्लाइडमधे दुधाच्या नळ्या दिसत नाहीत? बदलायला आणण्याआधी हे वाचा

प्रॅक्टिकल जवळ आले की एकच फोन येतो, "भाऊ, तुमच्या जंगली लेट्यूसच्या (लॅक्टुका सेरिओला) स्लाइडमधे लॅटेक्सच्या, म्हणजे झाडाच्या दुधाच्या, नळ्याच नाहीत, बदलून द्या." मग तुम्हाला आमच्या बर्डीच्या दुकानापर्यंत चक्कर, आम्हाला तपासणी, आणि बहुतेक वेळा नळ्या असतातच, फक्त बघायचा काप वेगळा असतो.

टी.एस. म्हणजे खोडाचा आडवा काप. त्यात गोल रिंगणात व्हॅस्क्युलर बंडल (पाणी-अन्न वाहणाऱ्या पेशींचे गठ्ठे), मधे भेंड (खोडाचा मऊ गाभा), हे सगळं मस्त दिसतं. नळ्यापण असतात, फ्लोएमच्या (बंडलमधल्या अन्न वाहणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या कडेला, पण आडव्या कापल्यामुळे त्या शेजारच्या बारीक गोल पेशींसारख्याच दिसतात आणि मुलं त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. या झाडात पेशीला पेशी लागून, मधल्या भिंती विरघळून नळी तयार होते आणि शेजारच्या नळ्या आडव्या फांद्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. हे जाळं उभ्या कापातच दिसतं, म्हणजे एल.एस., आणि तोही टँजेन्शियल, म्हणजे मधोमध नाही तर बाजूने, फ्लोएममधून गेलेला. भेंडातून बरोबर मधोमध घेतलेल्या एल.एस.मधे जाळं शोधत बसलात तर तास वाया जातो. म्हणूनच आम्ही टी.एस. आणि टँजेन्शियल एल.एस.ची जोडी देतो, काही जणांना वाटतं उगाच दोन खपवतात, पण एकीवर हा टॉपिक पूर्ण शिकवताच येत नाही.

ताज्या खोडावर स्वतः सेक्शन घेणार असाल तर लगेच ब्लेड चालवू नका. सगळं जाळं जोडलेलं आणि दूध दाबाखाली, त्यामुळे कापलं की ते बाहेर वाहतं, ब्लेड चिकट होतं आणि नळ्या रिकाम्या दिसतात. लांब तुकडा आधी सत्तर टक्के अल्कोहोलमधे टाका, दूध आतच गोठू द्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं फेकून मधल्या भागातून काप घ्या. सुदान फोर हा रंग लावला की लॅटेक्स केशरी-लाल उठून दिसतं.

जंगली लेट्यूसऐवजी पाथरी चालेल का, हेही खूप जण विचारतात. दूध दाखवायला चालेल, एकाच कुळातली आहे, पण रेकॉर्ड बुकात लॅक्टुका सेरिओला लिहू नका. खऱ्या जंगली लेट्यूसच्या पानाखाली मधल्या शिरेवर काट्यांची ओळ असते, पानाचे कान खोडाला धरून असतात, आणि कडक उन्हात पानं पिळून उभी होतात, कडा उत्तर-दक्षिण, म्हणून त्याला कंपास प्लांट म्हणतात. फुलोऱ्यात नळीसारखी फुलं नाहीत, सगळी पट्टीसारखी पिवळी, प्रत्येकीच्या टोकाला ५ दात. फळाला चोच आणि वर पांढरे केस. हे सगळं आमच्या हर्बेरियम शीटवर (वाळवलेलं झाड चिकटवलेल्या कागदावर) एकत्र दिसतं, हातात घेऊन शिकवायला सोपं जातं.

सॅलडचं लेट्यूस याच जातीतून आलंय, त्यामुळे कुंडीतलं लेट्यूस दांडा काढून वर गेलं असेल तर तेही सेक्शनसाठी वापरा, फेकू नका.

ऑर्डर देताना नुसतं "लेट्यूस" न म्हणता "जोडी" म्हणा, शीट हवी असेल तर तेही आधीच सांगा. एल.एस.मधे जाळं दिसलं नाही तर स्लाइड घेऊन या, आमच्या मायक्रोस्कोपवर सोबत बघू, नसेलच तर लगेच बदलून देऊ.