एमआय म्हणजे नेमका कोणता? जीडीबीमधल्या इंटरप्रिटरांची पार्श्वभूमी

जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून त्यातल्या चुका शोधण्याचे साधन. डिसेंबर २०२३ मध्ये जीडीबी १४ आला. त्या आवृत्तीतून ‘एमआय१’ नावाचा एक इंटरप्रिटर कायमचा काढून टाकला आणि ‘डीएपी’ नावाचा एक नवा दाखल झाला. बहुतेकांना यातले काहीच जाणवले नाही. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम जिथे थांबावा ती खूण) टाकायचा, प्रोग्राम चालवायचा, बॅकट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठले बोलावले गेले त्याची यादी) बघायचा, एवढ्यात इंटरप्रिटर हा शब्द तोंडी येण्याचे कारणच पडत नाही. पण एडिटरमधले डीबगचे बटण दाबले की मागे जीडीबी कुठल्या बोलीत बोलणार हे आधी ठरते, आणि ते ‘-आय=’ या पर्यायापुढच्या दोन-चार अक्षरांवर ठरते. त्या अक्षरांवरून पंचवीसेक वर्षांत बरीच ओढाताण झाली आहे.

सुरुवातीलाच शब्दाची गाठ सोडवलेली बरी. येथे इंटरप्रिटर म्हणजे भाषेचा इंटरप्रिटर नव्हे. २००९ मध्ये जीडीबी ७.० सोबत पायथन आत आले आणि तेव्हापासून हा घोळ वाढला. कुणी नवखा ‘जीडीबीचा इंटरप्रिटर’ म्हणाला की समोरच्याला पायथनच आठवते. जीडीबीच्या पोटात मात्र हा शब्द त्याआधीचा आहे. आज्ञा कशा वाचायच्या आणि उत्तर कोणत्या साच्यात द्यायचे, या दोन्हींची जोडी म्हणजे इंटरप्रिटर. माणसासाठीचा तो ‘कन्सोल’, यंत्रासाठीचा ‘एमआय’ (मशीन इंटरफेस), टर्मिनलवर खिडक्या पाडून दाखवणारा ‘टीयूआय’. डीबगरचे इंजिन एकच, बोलणारी तोंडे वेगळी. ‘तोंड’ हाच शब्द ठेवला असता तर पुढचा निम्मा गोंधळ वाचला असता, असे मला राहून राहून वाटते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १९८६ मध्ये जीडीबी लिहिला गेला तेव्हा एकच तोंड होते. ईमॅक्स या एडिटरला त्याच्याशी बोलायचे होते, म्हणून माणसासाठीच्या आउटपुटमध्येच खुणा पेरल्या गेल्या. प्रोग्राम थांबला की दोन कंट्रोल-झेड अक्षरे, त्यापुढे फाइलचे नाव आणि ओळ क्रमांक. ईमॅक्स ती ओळ वाचकाला न दाखवता गिळून टाकी आणि सोर्समधला बाण हलवी. या खुणा पुढे वाढत गेल्या, त्यांना ‘ॲनोटेशन’ म्हणू लागले, त्यांच्या पातळ्या झाल्या. नव्वदच्या दशकातले डीडीडीसारखे ग्राफिकल मुखवटे तर सरळ माणसासाठीची वाक्ये वाचून अर्थ लावत. जीडीबीत कुणी एखाद्या संदेशातला स्वल्पविराम हलवला की कुठल्या तरी मुखवट्याचे नाक तुटे.

त्यावर उतारा म्हणून आउटपुटचा थर वेगळा केला गेला. कमांडने थेट अक्षरे छापायची नाहीत. ‘हा तक्ता, ही यादी, हे फील्ड, त्याचे नाव हे’ असे सांगायचे आणि छपाई कशी ते दुसऱ्यावर सोपवायचे. या थराचे नाव ‘यूआय-आउट’. ब्रेकपॉइंटांची यादी बनवणारा कोड एकच, पण कन्सोलवर तिचा आखीव तक्ता होतो आणि एमआयवर तीच नाव-मूल्याच्या जोड्यांत उतरते. एमआयची पहिली आवृत्ती जीडीबी ५.१ सोबत, म्हणजे २००१ च्या अखेरीस आली.

हे जवळून बघायचे तर साध्या टर्मिनलवर ‘-आय=एमआय’ देऊन जीडीबी उघडावा. पहिलीच ओळ बरोबरच्या चिन्हाने सुरू होते: थ्रेडचा एक गट तयार झाला, त्याची ओळख ‘आय१’. मग नेहमीचे स्वागताचे भेंडोळे येते, पण प्रत्येक ओळ अवतरण चिन्हांत बंद आणि तिच्या अलीकडे एक लाटेचे चिन्ह. आता साधी कन्सोलची कमांड टाइप करा. ती आधी ‘&’ लावून तुमच्याकडेच परत येते, मग उत्तराच्या ओळी लाटेसह, आणि शेवटी ‘^डन’. टॅब दाबून नाव पुरे होत नाही, वरचा बाण दाबून मागची कमांड येत नाही. माणसाने इथे बोलायचेच नाही, हे दोन मिनिटांत कळते.

आता मूळ विषय. इंटरप्रिटर सांभाळणारी जी फाइल आहे, ‘इंटर्प्स.सी’, तिच्या माथ्यावरची कॉपीराइटची साले २००० पासून सुरू होतात. मुख्य कोडमध्ये ती २००३ च्या आरंभी आली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जीडीबी ६.० सोबत लोकांपर्यंत पोचली. ती ज्या कंपनीत लिहिली गेली तिला आपल्या डेस्कटॉप संगणकांवरच्या विकासाच्या साधनात जीडीबी बसवायचा होता. (त्याच कंपनीने पुढे जीडीबी सोडून एलएलडीबी हा वेगळा डीबगर उभा केला. तिथे ग्राफिकल साधनासाठी मजकुराची बोली ठेवण्याऐवजी डीबगरच लायब्ररी म्हणून जोडला. हात पोळले की माणूस शिकतो.) फाइलच्या सुरुवातीच्या टिपेत लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे म्हटले आहे की हा निव्वळ पहिला हात आहे, काही प्रश्न उघडे आहेत. ते ‘पहिला हात’ वीस वर्षे तसेच राहिले.

रचना सोपी होती. प्रत्येक इंटरप्रिटरने चार-पाच फंक्शने द्यायची: सुरुवात कर, ताबा घे, ताबा सोड, ही कमांड चालव. नाव नोंदवायचे, यादीत बसायचे. यादीतला कोणताही काढून दुसरा लावता यावा, असा तो घाट होता. आणि तरीही चालू सत्रात इंटरप्रिटर बदलण्याची कमांड दिली नाही. मॅन्युअलमध्ये याचे कारणही लिहिले आहे: एखादा आयडीई (एडिटर, कंपायलर, डीबगर एकाच खिडकीत देणारे साधन) एमआयवर जीडीबी चालवत असताना कुणी कन्सोलकडे वळण्याची कमांड दिली, तर जीडीबी माणसाच्या भाषेत बोलू लागेल आणि आयडीई जागच्या जागी आंधळा होईल. म्हणून तडजोड निघाली ‘इंटरप्रिटर-एक्झेक’ची. मुख्य तोंड तेच राहील. एका कमांडपुरते दुसरे तोंड उसने घ्यायचे आणि परत ठेवायचे. कोडमध्ये यातून तीन शब्द जन्मले: वरच्या पातळीचा इंटरप्रिटर, सध्याचा इंटरप्रिटर आणि कमांडचा इंटरप्रिटर. बहुतेक वेळा तिघे एकच असतात. नसतात तेव्हाच बग सापडतात.

या उसनवारीत एक खोट होती. आयडीईच्या कन्सोल खिडकीत वापरकर्त्याने ‘ब्रेक मेन’ टाइप केले की ते उसन्या तोंडाने चालायचे, ब्रेकपॉइंट पडायचा, आणि आयडीईच्या डाव्या पट्टीवर लाल ठिपका उमटायचाच नाही. आयडीईला ते कुणी सांगितलेच नव्हते. ब्रेकपॉइंट तयार झाला, बदलला, गेला, अशा आपणहून येणाऱ्या सूचना पुढे एमआयमध्ये घालाव्या लागल्या, त्या यासाठी.

खरी रस्सीखेच मात्र नावावरून झाली. एमआयच्या आवृत्तीला वेगळा क्रमांक पाठवण्याची सोय नाही. आवृत्ती इंटरप्रिटरच्या नावातच आहे. एमआय१, एमआय२, एमआय३, एमआय४ हे चार वेगळे इंटरप्रिटर म्हणून नोंदलेले. आणि नुसते ‘एमआय’? ते ज्या जीडीबीशी तुम्ही बोलता त्यातल्या सर्वांत नव्याचे टोपणनाव. ६.० मध्ये एमआय२ आले, आणि मग सोळा वर्षे काहीच हलले नाही. या सोळा वर्षांत लोकांनी ‘-आय=एमआय’ लिहिले आणि मनात ‘एमआय२’ वाचले. मॅन्युअल सांगत होते की फ्रंटएंडने, म्हणजे जीडीबीवर चढवलेल्या आयडीईसारख्या मुखवट्याने, नेमका क्रमांक द्यावा. मॅन्युअल वाचतो कोण!

मधल्या काळात एक दुखणे साठत होते. २००८ च्या जीडीबी ६.८ पासून एका ब्रेकपॉइंटला अनेक जागा असू शकतात. सी++ मधले टेम्पलेट (अनेक डेटाप्रकारांसाठी एकदाच लिहिलेला साचा) घ्या: सोर्समध्ये ओळ एक, पण दोन प्रकारांसाठी वापरले तर मशीन कोडमध्ये जागा दोन. कन्सोलवर हे नीट दिसते: ब्रेकपॉइंट १, पत्त्याच्या जागी ‘मल्टिपल’, खाली १.१ आणि १.२. एमआयवर मात्र ‘बीकेपीटी=’ नंतर महिरपी कंसात मुख्य ब्रेकपॉइंट येई, कंस बंद होई, स्वल्पविराम, आणि मग १.१ व १.२ चे दोन कंस नुसतेच, नावावाचून. एमआयच्या स्वतःच्या व्याकरणात अशा निनावी कंसाला त्या जागी बसायला परवानगी नाही. म्हणजे नियम करणाराच नियम मोडत होता. व्याकरणाबरहुकूम लिहिलेला पार्सर (आउटपुट वाचून अर्थ लावणारा कोड) इथे ठेचकाळे. चालणारी फ्रंटएंड्स ती, ज्यांनी या चुकीसाठी खास पळवाट लिहिली होती.

चूक सर्वांना ठाऊक होती, पण दुरुस्त करावी तर पळवाटा लिहिणारेच मोडणार. हे भिजत घोंगडे बारा वर्षे पडून राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये जीडीबी ९.१ आला, त्यात एमआय३: सगळ्या जागा ‘लोकेशन्स’ नावाच्या एका यादीत, मुख्य ब्रेकपॉइंटच्या कंसाच्या आत. एमआय२ जुन्या चुकीसह जसाच्या तसा. इथवर शहाणपणाचे. पण ‘एमआय’ हे टोपणनाव त्याच दिवशी एमआय२ वरून एमआय३ वर सरकले. ज्यांनी क्रमांक लिहिला नव्हता त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली, आणि तीही फक्त टेम्पलेटवर किंवा इनलाइन फंक्शनवर ब्रेकपॉइंट टाकल्यावर कळण्यासारखी. साध्या ‘मेन’वर सगळे आलबेल.

दुसरी बाजूही आहे आणि ती पोकळ नाही. टोपणनाव कधीच हलले नाही तर नवे कुणी वापरणारच नाही, आणि ज्याला स्थिरता हवी त्याच्यासाठी क्रमांकाचा रस्ता पहिल्या दिवसापासून उघडा होता. मला तरी सोळा वर्षांच्या सवयीपुढे हा युक्तिवाद तांत्रिकच वाटतो. त्यातही गंमत अशी की त्याच आवृत्तीत एक स्वतंत्र कमांड दिली गेली: एमआय२ वरच राहा, पण एवढी एक चूक दुरुस्त करून द्या, असे फ्रंटएंडने सांगायचे. मग क्रमांक हवा कशाला? २०२३ मध्ये १३.१ सोबत एमआय४ आला तो आणखी छोट्या कारणाने. ब्रेकपॉइंटला जोडलेल्या कमांडांचे ‘स्क्रिप्ट’ हे फील्ड महिरपी कंसात नावावाचून येई, ते चौकोनी कंसातली यादी झाले. त्यालाही तशीच दुरुस्तीची वेगळी कमांड मिळाली. एकाच रोगाला दोन औषधे चालू आहेत, आणि कोणते बंद करायचे हे कुणी ठरवलेले नाही.

या वादात २०१६ चा बदल झाकला जातो, जो माझ्या मते अधिक मोलाचा आहे. तोवर जीडीबीत प्रवेश आणि निर्गम एकच होता, इंटरप्रिटर कितीही असोत. ७.१२ मध्ये ‘न्यू-यूआय’ कमांड आली आणि एका म्यानात दोन तलवारी मावू लागल्या. इंटरप्रिटरचे नाव द्या, दुसऱ्या टर्मिनलचा पत्ता द्या. जीडीबी तिथे दुसरे तोंड उघडतो. आयडीईने यातून उलटी मांडणी केली: मुख्य तोंड कन्सोलचे, खऱ्या टर्मिनलवर, टॅब आणि बाणांसकट, एमआय बाजूच्या छुप्या टर्मिनलवर. इक्लिप्सच्या सी++ साधनाने हे लवकर उचलले. आधी जे जागतिक व्हेरिएबल ‘सध्याचा इंटरप्रिटर’ म्हणून मिरवत होते ते आता प्रत्येक तोंडापाशी वेगळे झाले. सत्राच्या मध्येच इंटरप्रिटर बदलता येत नाही ही जुनी बंदी कायम राहिली, फक्त तिची बोच गेली. बदलायचे कशाला, दुसरा शेजारी बसवा.

नंतर सी++ मध्ये आलेल्या जीडीबीत इंटरप्रिटर हा रीतसर क्लास झाला. प्रोग्राम थांबला, सिग्नल आला, थ्रेड संपला अशा घटना पूर्वी प्रत्येक इंटरप्रिटर आपापल्या परीने कान लावून ऐकायचा. १४ मध्ये त्या क्लासवरच्या पद्धती झाल्या.

राहता राहिला डीएपी, म्हणजे ‘डीबग अडॅप्टर प्रोटोकॉल’. व्हीएस कोडसोबत पसरलेली ही जेसनवर चालणारी बोली. त्या एडिटरमध्ये सी++ डीबग करताना आजवर एक दुभाष्या मध्ये बसत आला आहे, इकडे डीएपी आणि तिकडे जीडीबीशी एमआय. १४ पासून ‘-आय=डीएपी’ दिले की जीडीबी स्वतःच ती बोलतो. हा इंटरप्रिटर बव्हंशी पायथनमध्ये लिहिलेला आहे, त्यामुळे पायथनशिवाय बांधलेल्या जीडीबीत तो चालत नाही. एम्बेडेड टूलचेनसोबत येणाऱ्या छोट्या जीडीबीवर हे हमखास अडते. म्हणजे जीडीबीचा इंटरप्रिटर हा पायथनच्या इंटरप्रिटरच्या आत, आणि शब्दाची सुरुवातीची गाठ पुन्हा घट्ट. एडिटरच्या डीबग कन्सोलमध्ये वापरकर्ता जीडीबीची कमांड टाइप करतो, तेव्हा ती ‘इव्हॅल्युएट’ विनंतीत गुंडाळून येते आणि आत कन्सोलचीच कमांड म्हणून चालते. २००३ ची उसनवारी, नव्या कपड्यांत.

जुन्या स्क्रिप्टमध्ये ‘-आय=एमआय१’ राहून गेले असेल, तर १४ वर जीडीबी त्या नावाचा इंटरप्रिटर ओळखत नसल्याचे एका ओळीत सांगतो. ‘-आय=एमआय’ राहून गेले असेल, तर काहीच सांगत नाही.