कॉलऱ्याचं विष मुळात कुणाचं?

पावसाळ्यात एखाद्या नदीत ‘कॉलऱ्याचे जंतू सापडले’ अशी बातमी आली की साथ दारात आली, असंच सगळे धरून चालतात. पण ‘व्हिब्रिओ कॉलरी’ हा मुळात पाण्यातलाच जीव. सुंदरबनसारख्या खाड्यांच्या मचूळ पाण्यात, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी प्राण्यांना चिकटून तो राहतो. त्याच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी मोठ्या साथी आणल्या त्या ओ1 आणि ओ139 या दोघांनीच. खाडीतून मिळणाऱ्या बहुतेक जंतूंनी सहसा फार तर साधे जुलाब होतील, कारण त्यांच्याकडे कॉलऱ्याच्या विषाचं जनुकच नसतं.

असं विष असतं हे 1959 मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं. जंतू गाळून टाकलेला द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडं पाण्याने टम्म फुगलं. हे विष आतड्याच्या पेशीतलं एक प्रथिन ‘चालू’ स्थितीतच अडकवून ठेवतं. मग पेशी क्लोराइड बाहेर टाकत सुटते, त्यामागून सोडियम आणि पाणी जातं. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं.

मला सगळ्यात थक्क करते ती गोष्ट 1996 मध्ये उघड झाली. मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकालानोस या संशोधकांनी दाखवलं की विषाचं जनुक जंतूचं स्वतःचं नाहीच! ते एका विषाणूचं आहे. जंतूंना ग्रासणारा हा दोऱ्यासारखा विषाणू, नाव ‘सीटीएक्स-फाय’. तो जंतूला मारत नाही. आपला डीएनए जंतूच्या गुणसूत्रात गुंफतो आणि विष बनवण्याची कृती तिथेच ठेवून देतो.

आत शिरायला त्याला दार लागतं, ते म्हणजे टीसीपी नावाचे जंतूच्या अंगावरचे केसासारखे तंतू. आतड्यात वस्ती करायला जंतूला हेच तंतू लागतात! ते बनवण्याचा हुकूम टॉक्सआर, टॉक्सटी अशा नियामक प्रथिनांच्या साखळीतून येतो, आणि विषाचं जनुकही त्याच साखळीवर चालतं. आतड्यात ही साखळी जागी होते, तंतू उगवतात, दार उघडतं. उंदरांच्या आतड्यात या विषाणूची देवाणघेवाण प्रयोगशाळेतल्या बशीपेक्षा कितीतरी जोमाने झाली, ती यामुळेच. म्हणजे तंतू असलेला पण विष नसलेला जंतू आपल्या पोटातच विषारी होऊ शकतो. म्हणून पाण्यात नुसता व्हिब्रिओ आढळला एवढ्यावर थांबू नये. विषाचं ‘सीटीएक्सए’ आणि तंतूंचं ‘टीसीपीए’ ही जनुकं आहेत का, ते पीसीआरने तपासायला हवं.

आपल्याकडे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडत. देवीचा कोप ओढून नेता येतो, ही समजूत माणसांच्या जिवावर उठणारी होती. जंतू गाड्यात नव्हता, शौचाने दूषित झालेल्या विहिरीत होता.

आणि रुग्णाच्या पोटातून आलेला जंतू खाडीतल्यासारखा नसतो. बांगलादेशातल्या रुग्णांच्या शौचातले ताजे जंतू प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूंपेक्षा उंदरांना कितीतरी सहज ग्रासतात, असं 2002 मध्ये दिसलं. तळ्याच्या पाण्यात मिसळल्यावरही काही तास त्यांचा हा जोर टिकतो. गळक्या जलवाहिनीत शेजारच्या गटाराचं पाणी शिरायला तेवढे तास पुष्कळ होतात.