पाळी चंद्रावर चालते का?

“उधाणासारखी बाईची पाळीही चंद्राच्या ओढीने येते, अमावास्या-पौर्णिमेला आली नाही तर शरीरात बिघाड,” असा निरोप किनाऱ्यावरच्या गावांत वर्षानुवर्षं फिरतो. उधाण या तिथींच्या आसपासच येतं, म्हणून तो पटतोही. पण भरतीला समुद्राएवढा विस्तार लागतो. गावच्या तळ्यातही ती दिसत नाही.

पाळीची सूत्रं मेंदूत आहेत. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग ठरावीक वेळाने जीएनआरएच हे संप्रेरक (हार्मोन) सोडतो, त्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं रक्तात पाठवते, मग बीजांडकोशात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही पाळी घडवणारी संप्रेरकं तयार होतात. म्हणूनच ताणाने किंवा उपासमारीने तारीख पुढे जाऊ शकते. प्रौढ स्त्रीचं 21 ते 35 दिवसांचं चक्र सर्वसाधारण. चांद्रमास सुमारे 29.5 दिवसांचा. सहा महिने तारखेशेजारी तिथीही लिहा; बहुतेकींना ती सरकताना दिसेल. तीन महिने पाळीच आली नाही, तर मात्र डॉक्टरांना भेटा.