ग्लोबल व्हेरिएबलचे आरंभीकरण

कोणत्याही फंक्शनच्या बाहेर घोषित केलेल्या व्हेरिएबलला पहिले मूल्य मिळण्याची क्रिया. हे मूल्य कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येणाऱ्या रूपात भाषांतर करणारा प्रोग्राम) आधीच काढून तयार फाइलमध्ये लिहून ठेवतो किंवा प्रोग्राम चालू झाल्यावर ते काढले जाते. पहिल्या प्रकाराला कंपाइल-टाइम आणि दुसऱ्याला रनटाइम आरंभीकरण म्हणतात.

ठाणे-वाशी लोकलचे भाडे सांगणारा प्रोग्राम घेऊ. स्थानकांची संख्या कोडमध्येच लिहिली, तर ती कंपाइल-टाइमला पक्की होते. प्रोग्राम मेमरीत येतो तेव्हा ती तिथे असतेच, त्यासाठी एकही सूचना चालवावी लागत नाही. मात्र जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाले आणि या मार्गावरची स्थानके आठाची नऊ झाली. असा बदल झाला की प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागतो. जावामध्ये तर आणखी जपावे लागते. तिथे स्टॅटिक फायनल स्थिरांकाचे मूल्य तो वापरणाऱ्या क्लासमध्येही उतरवले जाते. स्थानकांचा क्लास तेवढा नव्याने कंपाइल केला आणि भाड्याचा राहून गेला, तर भाड्याचा क्लास आठच स्थानके धरून चालतो. हीच संख्या सेटिंगच्या फाइलमधून वाचली, तर ते रनटाइम आरंभीकरण. मग कोडला हात न लावता दिघा गाव जोडता येते.

सी भाषेत ग्लोबल व्हेरिएबलला फक्त स्थिर राशी देता येते, काहीच दिले नाही तर शून्य मिळते. शून्येतर मूल्ये फाइलच्या डेटा विभागात जातात. शून्याने सुरू होणाऱ्यांसाठीच्या बीएसएस विभागात मात्र केवळ आकाराची नोंद असते. म्हणून चार बाइटच्या दहा लाख पूर्णांकांच्या ॲरेत पहिला आकडा १ दिला, तरी फाइल सुमारे ४० लाख बाइटांनी फुगते. काहीच दिले नाही तर जवळपास वाढत नाही. नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात छोट्या उपकरणांसाठी कोड लिहिणाऱ्याला हा हिशेब रोज करावा लागतो. एआरएमच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये (अशा उपकरणांतल्या छोट्या संगणक-चिपमध्ये) बदलत्या व्हेरिएबलचे पहिले मूल्य वीज गेली तरी टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असते आणि मेन फंक्शनच्या आधी ते रॅममध्ये उतरवले जाते. म्हणजे ते दोन्हीकडे जागा खाते.

खरी अडचण सी प्लस प्लसमध्ये येते. तिथे ग्लोबल व्हेरिएबलला फंक्शनचा निकालही देता येतो. एका फाइलमधली व्हेरिएबले लिहिलेल्या क्रमाने तयार होतात, पण वेगवेगळ्या फाइलींमध्ये आधी कोणती, हे भाषेने ठरवलेले नाही. समजा, एका फाइलमध्ये स्थानकसंख्या रनटाइमला वाचली जाते आणि दुसरीत तिच्यावरून भाडेतक्त्याचा आकार निघतो. दुसरी फाइल आधी लागली, तर नऊ गुणिले नऊ म्हणजे ८१ घरांच्या तक्त्याऐवजी शून्य घरांचा तक्ता तयार होतो, कारण रनटाइमला मूल्य मिळणाऱ्या ग्लोबल व्हेरिएबलची मेमरी त्याआधी शून्य केलेली असते. कंपायलर चूक दाखवत नाही, इशाराही देत नाही. पुष्कळदा फाइली लिंक करण्याचा, म्हणजे जोडून एक प्रोग्राम बनवण्याचा, क्रम बदलला की दोष नाहीसा होतो आणि पुढे केव्हातरी परत येतो. शिकणाऱ्यांना पॉइंटरइतकेच (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलइतकेच) हे प्रकरण नीट समजावून सांगायला हवे. अनेक अभ्यासक्रमांत ते एका वाक्यात उरकले जाते आणि मुले नोकरीत ठेच लागून शिकतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे ते व्हेरिएबल फंक्शनच्या आत स्टॅटिक करून ठेवणे. मग फंक्शन पहिल्यांदा बोलावले जाईल तेव्हाच ते तयार होते. सी प्लस प्लस ११ पासून अनेक थ्रेडनी (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांनी) एकाच वेळी बोलावले, तरी ते एकदाच तयार होण्याची हमी आहे. त्याच आवृत्तीतल्या कॉन्स्टएक्स्पर या शब्दामुळे बरीच आकडेमोड कंपायलरकडे सोपवता येते. सी प्लस प्लस २० मधला कॉन्स्टिनिट हा शब्द व्हेरिएबलला लावला आणि त्याचे मूल्य रनटाइमवर अवलंबून निघाले, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. पुढे ते मूल्य बदलण्याची मुभा मात्र राहते. जिथे शक्य आहे तिथे हा शब्द लावावाच.

गो भाषा एका पॅकेजमधली (एकत्र कंपाइल होणाऱ्या फाइलींच्या गटातली) व्हेरिएबले, ती वेगवेगळ्या फाइलींत असली तरी, कोण कोणावर अवलंबून आहे ते पाहून स्वतःच क्रमाने लावते. रस्टमध्ये स्टॅटिकला कंपाइल-टाइमचेच मूल्य चालते. रनटाइमला काढायचे मूल्य लेझीलॉक या प्रकारात ठेवता येते आणि ते पहिल्या वापराच्या वेळी तयार होते.