क्रीडा प्रशासनातील व्यवस्थापकीय कौशल्ये

क्रीडासंघटनेत तालुक्यापासून राष्ट्रीय महासंघापर्यंतच्या पदांवर लागणारी कार्यक्षमता. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये प्रशासकाच्या कौशल्यांचे तांत्रिक (प्रत्यक्ष कामाचे ज्ञान), मानवी (माणसे सांभाळणे) व संकल्पनात्मक (संघटनेचा एकत्रित विचार) असे तीन प्रकार मांडले. खालच्या पायरीवर तांत्रिक, वरच्या पायरीवर संकल्पनात्मक कौशल्याचे वजन जास्त. मानवी कौशल्य मात्र सगळीकडे सारखेच लागते. ही मांडणी उद्योगांसाठी होती, पण खेळालाही लागू पडते.

महाराष्ट्रात १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय कबड्डी स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा टप्प्यांनी राज्यापर्यंत जाते. तालुक्याच्या संयोजकाला मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा नेमक्या आखून घ्याव्या लागतात. वयाचे दाखले तपासणे, वजने घेणे, भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) काढणे, पंच वेळेवर हजर ठेवणे हेही त्याच्याकडेच. दाखल्यात गफलत राहिली तर पात्र मुलाची जागा जाते आणि ती चूक वरच्या कार्यालयात बसून भरून काढता येत नाही. म्हणून या पायरीला दुय्यम मानणे चुकीचे आहे.

जिल्हा पातळीवर माणसे सांभाळणे हेच मुख्य काम. शाळा, क्लब, पंच आणि पालक यांची ओढाताण तिथे येऊन थांबते. निवडीबद्दलचे आक्षेप ऐकून घेऊन कारणासह उत्तर देणारा पदाधिकारी खेळाडूंचा विश्वास टिकवतो.

शिखरावर संघटनेची घटना (नियमावली), निवडणुका, आर्थिक शिस्त आणि आंतरराष्ट्रीय नियम यांची एकत्रित जाण लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या निवडणुका रखडल्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. हा त्रयस्थ, म्हणजे महासंघाबाहेरचा, हस्तक्षेप मानून फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने ऑगस्टमध्ये महासंघाला निलंबित केले. निलंबन त्याच महिन्यात उठले, पण आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेल्या गोकुलम केरळच्या महिला संघाला न खेळताच परतावे लागले. भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबईत ऑक्टोबरमध्ये व्हायचा १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही त्या काळात टांगणीला लागला होता. मैदानावरच्या एकाही खेळाडूचा यात दोष नव्हता.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ ने महासंघांच्या कार्यकारिणीत महिलांना व नामवंत खेळाडूंना स्थान दिले. हे स्वागतार्हच; मात्र खेळाडू थेट शिखरावर येत असल्याने हिशेब, करार व घटना वाचण्याचे प्रशिक्षण त्यांना पदासोबतच मिळायला हवे.