कणकुंबीचा पाऊस कुठल्या समुद्रात जातो?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यात देगावच्या रानात उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेला घाट उतरते आणि मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रात जाते. हे पाणी वाटणारी रेषा नेमकी कुठून जाते? म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेच्या वादावर आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा बोलणं होतं, पण ही रेषा घरबसल्या काढता येते हे कुणी सांगत नाही. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि त्यांमागची माहिती हाताळणं, शिकायला मला तरी यापेक्षा चांगला धडा दिसत नाही.

सामान सगळं फुकट. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानावरच्या रडारने मोजलेल्या उंचीच्या फाइलीही मोफत उतरवून घेता येतात. फाइल उघडली की करडं चित्र दिसतं, पण तो खरं तर आकड्यांचा तक्ता असतो. साधारण ३० मीटर बाजूचे चौकोन आणि प्रत्येकात एकच आकडा, तिथली उंची. याला रास्टर म्हणतात. एक चौकोन जवळजवळ नऊ गुंठ्यांचा, त्यामुळे भाऊबंदांशी बांधावरून वाद असेल तर याचा काही उपयोग नाही.

आता प्रत्येक चौकोन आपल्या आठ शेजाऱ्यांकडे बघतो आणि सगळ्यात तीव्र उतार जिकडे, तिकडे पाणी सोडतो. कुणाकडे किती चौकोनांचं पाणी आलं हे मोजत गेलं की जिथे हजारोंचं जमतं तिथे आपोआप नाला उमटतो. लगतच्या दोन चौकोनांनी पाणी दोन वेगळ्या समुद्रांकडे सोडलं, की त्यांच्यामधून आपली रेषा गेली. मोजणीतल्या चुकीने एखादा चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खाली दाखवला जातो आणि पाणी तिथेच अडतं. असे खड्डे आधी बुजवून घ्यावे लागतात.

नवशिक्याची गाडी अडते ती मात्र एककांवर. फाइलीत उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांमध्ये असतं. तसाच उतार काढला तर अख्खा तालुका ९० अंशांचा कडा होऊन बसतो. शिवाय बेळगावच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा, तर अक्षांशाचा ११० किलोमीटरहून थोडा जास्त. म्हणून आधी फाइल यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीच्या, ४३ उत्तर पट्ट्यात आणायची. मग सगळं मीटरमध्ये येतं.

त्यावर गावांच्या हद्दींचा थर ठेवायचा. हा व्हेक्टर, म्हणजे रेषांनी आखलेले आकार आणि प्रत्येकामागे माहितीची एक ओळ. मग कुठल्या गावाचं किती क्षेत्र मलप्रभेकडे उतरतं, हे थेट विचारता येतं.

एक खोट राहतेच. या रडारच्या लहरी दाट झाडीतून पूर्ण खाली पोचत नाहीत. खानापूरच्या जंगलात मिळालेली उंची त्यामुळे जमिनीची कमी आणि झाडांची जास्त असू शकते. डोंगराच्या धारेवर त्याने फारसं बिघडत नाही. सपाटीला, जिथे चढउतारच दोन-चार मीटरचा, तिथे रेषा सरकते. तेवढा तुकडा जूननंतर रेनकोट घालून प्रत्यक्ष बघून यावा.