लसीकावाहिन्या उशिरा का उलगडल्या?

रक्ताभिसरणाच्या इतिहासात विल्यम हार्वे यांचे नाव प्रथम घेतले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांचा १६२८ सालचा ग्रंथ निघण्याच्या आदल्याच वर्षी शरीरातील दुसऱ्या वाहिनीजालाचे, म्हणजे लसीकावाहिन्यांचे, वर्णन मिलान येथे छापून प्रसिद्ध झाले होते. लसीका, म्हणजे ऊतींतून गोळा होऊन रक्तात परतणारा द्रव, जवळजवळ रंगहीन असते आणि तिच्या वाहिन्यांच्या भिंती अतिशय पातळ असतात, त्यामुळे त्या दिसणे हाच या विषयातील खरा अडसर ठरला.

हे वर्णन करणारे इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ गास्पारे अझेल्ली यांना १६२२ मध्ये जिवंत कुत्र्याचे पोट उघडताना आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. त्यांतील एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. पुढे उपाशी कुत्र्यात त्या रेषा सापडेनात, तेव्हा त्यांचा संबंध नुकत्याच घेतलेल्या अन्नाशी, म्हणजे शोषल्या जाणाऱ्या स्निग्ध पदार्थांशी आहे, हे ध्यानात आले. तरीही यकृत अन्नरसापासून रक्त बनवते, या प्राचीन वैद्य गेलेनच्या मताचा पगडा एवढा होता की, या वाहिन्या यकृताकडेच जातात असे अझेल्ली यांनी मानले. जाँ पेके यांनी १६५१ मध्ये छातीतील मोठी लसीकावाहिनी दाखवली आणि हा द्रव यकृताला वगळून मानेच्या तळाशी असलेल्या शिरांत मिसळतो, हे स्पष्ट केले. त्यानंतर स्वीडनमधील ओलोफ रुडबेक आणि डेन्मार्कमधील थॉमस बार्थोलिन यांच्यात श्रेयाचा वाद पेटला, पण आतड्यांपलीकडे इतरत्रही लसीकावाहिन्या आहेत, हे दोघांच्याही कामातून पुढे आले. स्वतः हार्वे यांनी मात्र पेके यांचे निष्कर्ष स्वीकारले नाहीत, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या मार्चेल्लो माल्पिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. लसीकावाहिन्यांसाठी वेगळी युक्ती लागली: पाओलो मास्कान्यी यांनी त्यांत पारा भरून मानवी शरीरातील जाळे रेखाटले आणि १७८७ मध्ये त्याचा सचित्र ग्रंथ काढला.

हे जाळे करते काय, याचे उत्तर अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या १८९६ च्या मांडणीतून आकाराला आले. रक्ताचा दाब केशवाहिन्यांतून द्रव बाहेर ढकलतो, तर रक्तातील प्रथिने तो आत ओढून धरतात. बाहेर गेलेला बराचसा द्रव केशवाहिन्यांतच परततो, असे दीर्घकाळ शिकवले गेले. परंतु बहुतेक ऊतींत तो मुख्यतः लसीकामार्गेच रक्तात परत येतो, असे अलीकडचे संशोधन सांगते. म्हणूनच हा मार्ग अडला की प्रथिनयुक्त द्रव साचून अवयव सुजतो आणि कालांतराने तेथील ऊती कठीण होतात.

हत्तीरोगात हेच घडते, कारण त्याचे जंत लसीकावाहिन्यांतच राहतात. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधील आमॉय येथे या जंतांची वाढ डासाच्या शरीरात होते, हे दाखवले. जन्मजात सुजेच्या एका प्रकाराचे वर्णन विल्यम मिलरॉय यांनी १८९२ मध्ये केले; त्यामागील जनुकीय दोष मात्र २००० साली सापडला, कारण लसीकावाहिन्यांच्या वाढीला चालना देणारी प्रथिने आणि त्यांचे ग्राही (पेशींवर ती प्रथिने जिथे जोडली जातात ते रेणू) १९९० च्या दशकातच हाती लागले होते.

मेंदूच्या आवरणांतही लसीकावाहिन्या असतात, असे मास्कान्यी यांनी लिहून ठेवले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांत त्या स्वतंत्रपणे दाखवल्या आणि त्यानंतरच मेंदूच्या आजारांशी त्यांचा संबंध तपासण्याचे काम जोमाने सुरू झाले.